रीडिंग आलेखावर बसत नाहीत, म्हणून ती जुळवायची का?

प्रश्न : मी सोलापूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. या सत्रात आम्हाला वायरलेस कम्युनिकेशनचे प्रॅक्टिकल आहे. बॅचमध्ये मुले बरीच आणि किट मोजकी, त्यामुळे एक जण रीडिंग घेतो आणि बाकीचे उतरवतात. घेतलेली रीडिंगही पुस्तकातल्या आलेखावर बसत नाहीत. मग मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये पाहून ती ‘जुळवली’ जातात. मैत्रिणी म्हणतात, उन्हाळ्यामुळे रीडिंग बिघडतात. निम्मे प्रयोग तर संगणकावर सिम्युलेशन म्हणूनच होतात, त्यांचा उपयोग काय तेही कळत नाही. चार प्रयोग असेच सबमिट झाले आहेत. ते पुन्हा करावेत का? घरचे म्हणतात, प्रॅक्टिकलमध्ये वेळ घालवू नकोस, पुण्यातल्या मुलाखतींची तयारी कर.
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच स्पष्ट सांगतो : रीडिंग जुळवू नका. हे मी केवळ प्रामाणिकपणाच्या दृष्टीने सांगत नाही, जरी तो मुद्दाही माझ्या लेखी लहान नाही. या विषयापुरते एक वेगळे आणि अधिक महत्त्वाचे कारण आहे. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात एखादा बिंदू रेषेबाहेर गेला तर बहुधा जोडणीत दोष असतो. परंतु वायरलेसच्या प्रयोगात बिंदू रेषेभोवती विखुरतात तो विखुरलेपणाच तुमच्या अभ्यासक्रमाचा निम्मा विषय आहे. त्यालाच तुम्ही थिअरीच्या तासाला ‘फेडिंग’ (परावर्तित तरंग मिसळल्याने होणारे चढउतार) आणि ‘शॅडोइंग’ (अडथळ्यांच्या आडोशाने होणारी घट) म्हणून शिकता. फाइलमध्ये रीडिंग जुळवताना तुम्ही ज्या वस्तूच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेत आलात नेमकी तीच वस्तू पुसून टाकता, आणि मग ओरलला ‘फेडिंग म्हणजे काय’ असे विचारल्यावर पाठ केलेल्या व्याख्येपलीकडे सांगण्यासारखे काही उरत नाही.

हे आकड्यांत पाहू. वाय-फाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते तिथे तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. मोकळ्या अवकाशात १ मीटरवर सिग्नल सुमारे ४० डेसिबलने (१० डेसिबल म्हणजे शक्तीत दहापट फरक) क्षीण होतो, १० मीटरवर ६० डेसिबलने, आणि अंतर दुप्पट झाले की दर वेळी आणखी ६ डेसिबल जातात. पुस्तकातली गुळगुळीत रेषा ही एवढीच. पण तुमच्या कॉरिडॉरमध्ये सिग्नल थेट वाटेने तर येतोच, शिवाय फरशीवरून, भिंतीवरून, लोखंडी कपाटावरून आणि शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीच्या अंगावरून परावर्तित होऊनही येतो. हे सगळे तरंग रिसीव्हरपाशी एकमेकांत मिसळतात. कुठे एकमेकांना बळ देतात, कुठे एकमेकांना मारतात. म्हणून अँटेना ३ सेंटिमीटर सरकवली तरी रीडिंगमध्ये १० डेसिबलचा फरक पडू शकतो, आणि तो किटचा दोष नसतो. थेट वाट पूर्ण बंद असेल आणि परिस्थिती पुस्तकातल्या रॅले वितरणासारखी (केवळ परावर्तित तरंग येतात तेव्हाच्या चढउतारांचे गणिती रूप) असेल, तर शंभरापैकी सुमारे दहा ठिकाणी सिग्नल सरासरीपेक्षा १० डेसिबलहून अधिक खाली सापडेल आणि सुमारे एका ठिकाणी २० डेसिबलहून अधिक. पुस्तकातला आलेख खोटा नाही. तो सरासरीचा आहे, आणि तुमचे एकटे रीडिंग ही सरासरी नव्हे.

तेव्हा एक प्रयोग तुम्ही स्वतःच्या हाताने, सावकाश करावा असे मी सुचवतो. ईएसपी३२ नावाचे वाय-फाय असलेले छोटे बोर्ड काही शे रुपयांत मिळतात. तिघीचौघींनी वर्गणी काढली तर दोन बोर्ड सहज येतात. तेही जमत नसेल तर एका फोनचा हॉटस्पॉट आणि दुसऱ्या फोनवर सिग्नलची पातळी डीबीएममध्ये (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये) दाखवणारे एखादे अॅप एवढ्यावर काम भागते. एक बोर्ड प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवा. लोखंडी टेबलावर नको, कारण धातूच्या पृष्ठभागापाशी अँटेनाचे वागणेच बदलते. दुसरा बोर्ड १, २, ४, ८ आणि १६ मीटरवर न्या. प्रत्येक अंतरावर एकच रीडिंग घेऊन पुढे जाऊ नका. तिथल्या सुमारे चौरस मीटरभर जागेत तो दहा-दहा सेंटिमीटरने सरकवत वीस-पंचवीस रीडिंग घ्या, आणि रीडिंग घेताना स्वतः दोन बोर्डांच्या मध्ये उभ्या राहू नका. मग एकदा मुद्दाम मध्ये उभ्या राहा आणि काय होते ते वेगळ्या रकान्यात नोंदवा.

पुढची पायरी फाइलमध्ये सहसा चुकलेली दिसते, म्हणून जरा थांबून सांगतो. या वीस-पंचवीस रीडिंगची सरासरी काढताना डीबीएमचे आकडे सरळ मिळवून भागू नका. आधी प्रत्येक रीडिंग मिलिवॉटमध्ये बदला, सरासरी काढा आणि मग परत डीबीएममध्ये न्या. उणे ५० आणि उणे ७० डीबीएम ही दोन रीडिंग असतील तर सरळ सरासरी उणे ६० येते. शक्तीची सरासरी मात्र उणे ५३ येते. सात डेसिबलचा हा फरक म्हणजे शक्तीत पाचपट फरक. अशा प्रत्येक अंतराच्या सरासऱ्या लॉग-प्रमाणावर मांडल्यात की रेषा स्वतःहून दिसू लागेल, आणि तिच्या उतारावरून सिग्नल अंतराच्या कितव्या घाताने घटतो तो घातांक निघेल. तो २ येईलच असे नाही. लांबट कॉरिडॉर सिग्नलला दोन्ही बाजूंनी धरून पुढे नेतो, त्यामुळे इमारतीच्या आत, समोरासमोरच्या वाटेवर तो १.६ ते १.८ इतका कमी येतो हे नोंदलेले आहे; मध्ये भिंती आल्या तर ४ ते ६ पर्यंत जातो. तुमचा घातांक १.७ आला तर तो खोडून २ करू नका. तो का आला ते दोन वाक्यांत लिहा. एक्सटर्नल म्हणून आलेल्या परीक्षकाला त्या दोन वाक्यांतून तुमच्याबद्दल जेवढे कळेल तेवढे फाइलच्या उरलेल्या पानांतून कळणार नाही.

वाय-फायवर फेडिंगचे खड्डे पुस्तकात लिहिले आहेत तितके खोल दिसले नाहीत तरी गोंधळू नका. वाय-फायचा चॅनल साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद असतो आणि त्या रुंदीतल्या सगळ्या वारंवारता एकाच जागी एकाच वेळी बुडत नाहीत, म्हणून खड्डे काही अंशी भरून निघतात. शिवाय समोर थेट वाट असली की वितरण रॅलेचे न राहता रायसचे होते.

आता ओकुमुरा-हाता मॉडेलच्या (मोबाइलचा सिग्नल अंतरानुसार किती घटतो याच्या सूत्राच्या) प्रयोगाविषयी, कारण तुमच्या चार सबमिट झालेल्या प्रयोगांत तो बहुधा असेल. ओकुमुरा यांनी टोकियो परिसरात प्रत्यक्ष फिरून मोजमापे घेतली आणि ती १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. हाता यांनी १९८० मध्ये त्या आलेखांना सूत्रांचे रूप दिले. म्हणजे ज्या सूत्रात तुम्ही आकडे घालता ते मुळात कुणीतरी रस्त्यावर घेतलेली, विखुरलेली रीडिंगच आहेत. त्या मोजमापांना मर्यादा होत्या, आणि त्या सूत्राबरोबर चालत आल्या आहेत : वारंवारता १५० ते १५०० मेगाहर्ट्झ, बेस स्टेशनच्या अँटेनाची उंची ३० ते २०० मीटर, मोबाइलची १ ते १० मीटर आणि अंतर १ ते २० किलोमीटर. ज्या फाइलींमध्ये १०० मीटर अंतरासाठी किंवा २.४ गिगाहर्ट्झसाठी हाता यांचे सूत्र वापरून सुबक आलेख काढलेला असतो, त्या फाइलींतला आलेख निरर्थक असतो. संगणक मात्र तो विनातक्रार काढून देतो. ३० मीटर उंचीसाठी या सूत्रातला उतार दर दहापट अंतराला सुमारे ३५ डेसिबल येतो. मोकळ्या अवकाशात तो २० असतो. हा फरक इमारतींनी घडवलेला आहे. नवी पेठेतल्या दाट वस्तीला, जुळे सोलापूरच्या बंगल्यांना आणि अक्कलकोट रोडने शहराबाहेर पडल्यावर लागणाऱ्या सपाट माळाला एकच दुरुस्ती लावायची की हाता यांनी दिलेले शहर, उपनगर आणि मोकळा प्रदेश हे तीन प्रकार लावायचे, हा प्रश्न तुमच्या गावातच उभा आहे, आणि जर्नलमध्ये तो लिहिण्यासाठी टोकियोला जावे लागत नाही.

बसने जाता-येता फोनवर सिग्नलची नोंद घेऊन तुम्ही तो पडताळूनही पाहू शकता, मात्र दोन पथ्ये पाळावी लागतील. एक म्हणजे रीडिंगसोबत सेलचा क्रमांक नोंदवा; वाटेत फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो आणि ते ध्यानात न घेता काढलेला आलेख अंतराबद्दल काहीच सांगत नाही. दुसरे म्हणजे ४जीवर फोन जी आरएसआरपी (संदर्भ-सिग्नलची शक्ती) दाखवतो ती एका १५ किलोहर्ट्झच्या उपवाहकापुरती शक्ती असते, संपूर्ण पट्ट्याची नव्हे. १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे ६०० उपवाहक असतात, म्हणून दोन्हींत सुमारे २८ डेसिबलचे अंतर पडते. ४जीचे उणे १०० आणि २जीचे उणे १०० हे आकडे शेजारी-शेजारी ठेवून तुलना करू नका.

जीएसएम (२जी मोबाइल) ट्रेनर किटबद्दल थोडक्यात. त्यावर एटी कमांड (मोबाइल मॉड्यूलला द्यायचे लेखी आदेश) देऊन उत्तरे उतरवून घेणे म्हणजे प्रयोग झाला असे समजले जाते. त्यातली सीएसक्यू ही कमांड मात्र नीट पाहण्यासारखी आहे. तिच्या उत्तरात ० ते ३१ मधला एक आकडा येतो. त्याची दुप्पट करून ११३ वजा केले की डीबीएम मिळतात. १७ आले तर उणे ७९. ९९ आले तर मॉड्यूलला पातळी कळलेली नाही, ते ‘उत्तम सिग्नल’ नव्हे. किट मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर नेटवर्कला दोष देण्याआधी अॅडॉप्टर तपासा. जीएसएममध्ये ४.६१५ मिलिसेकंदांच्या प्रत्येक फ्रेमचे आठ भाग असतात. मॉड्यूल त्यांपैकी एका भागात, म्हणजे सुमारे ५७७ मायक्रोसेकंद प्रक्षेपण करते, आणि त्या क्षणी ते २ अँपिअरपर्यंत करंट ओढू शकते. हलका अॅडॉप्टर आणि लांब, बारीक वायर असेल तर नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज कोसळते. डीएसओचा (डिजिटल ऑसिलोस्कोपचा) प्रोब सप्लायवर लावून ते खड्डे पाहिलेत तर टीडीएमए (वेळेचे भाग वाटून चॅनल वापरणे) म्हणजे काय हे तुम्हाला डोळ्यांनी दिसेल, आणि ते किटच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेले नसते. सिम घालताना ते २जी जाळे चालवणाऱ्या कंपनीचे आहे ना एवढे पाहा.

सिम्युलेशनचा उपयोग काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. उपयोग मोठा आहे, पण बटण दाबून आलेख छापण्यात नाही. बीपीएसके या डिजिटल मॉड्युलेशनचा बिट एरर रेट (पाठवलेल्या बिटांत चुकलेल्यांचे प्रमाण) काढण्याचा नेहमीचा प्रयोग घ्या. केवळ नॉइज असलेल्या चॅनलवर लाखात एक चूक ही पातळी गाठायला प्रत्येक बिटाची ऊर्जा नॉइजपेक्षा ९.६ डेसिबल जास्त असली की पुरते. रॅले फेडिंग आले की त्याच पातळीला सुमारे ४४ डेसिबल लागतात. हा जवळजवळ ३४ डेसिबलचा, म्हणजे शक्तीत दोन हजार पटींहून मोठा फरक हेच डायव्हर्सिटी, इंटरलीव्हिंग आणि एरर-करेक्टिंग कोड या फेडिंगवर मात करणाऱ्या तंत्रांच्या अस्तित्वाचे कारण आहे. हे दोन आलेख एकाच कागदावर काढल्याशिवाय पुढचे चार प्रयोग का आहेत ते कळत नाही. आता त्यात स्वतः प्रश्न घाला. प्रोग्राममध्ये दहा हजार बिट पाठवले असतील तर लाखात एक चूक दिसणारच कशी? आलेखाचे टोक अचानक शून्यावर पडते आणि विद्यार्थी ते तसेच छापतात. भरवशाचा आकडा हवा तर निदान शंभर चुका मोजल्या जायला हव्यात, म्हणजे या पातळीसाठी सुमारे एक कोटी बिट पाठवायला हवेत. आणखी एक : क्यूपीएसकेचा तुमचा आलेख पुस्तकातल्यापेक्षा नेमका ३ डेसिबलने सरकलेला आला, तर बहुधा तुम्ही प्रत्येक बिटाच्या ऊर्जेऐवजी प्रत्येक सिम्बॉलची ऊर्जा धरली आहे, एका सिम्बॉलमध्ये दोन बिट असतात. ही चूक स्वतः शोधून काढणाऱ्या विद्यार्थ्याला ऊर्जा आणि नॉइजच्या गुणोत्तराची व्याख्या पुन्हा पाठ करावी लागत नाही. मॅटलॅब घरी नसेल तर ऑक्टेव्ह किंवा पायथॉन वापरा. दोन्ही मोफत आहेत आणि या कामाला साधा लॅपटॉप पुरतो.

उन्हाळ्याचे म्हणाल तर मैत्रिणींचे म्हणणे अर्धेच खरे आहे. थर्मल नॉइज (उष्णतेमुळे सर्किटमध्ये येणारा गोंगाट) तापमानाच्या प्रमाणात वाढतो, पण ते तापमान केल्व्हिनमध्ये मोजायचे असते. गणितात साधारण २९० केल्व्हिन धरतात. आपल्याकडे ४२ अंश झाले तरी ते ३१५ केल्व्हिन होतात. यातून नॉइज जेमतेम ०.३६ डेसिबलने वाढतो, आणि तुमच्या रीडिंगमधला फरक १०-१५ डेसिबलचा आहे. उन्हावर ते खापर फोडता येणार नाही. उष्णतेने खरोखर बदलते ती स्वस्त क्रिस्टलची वारंवारता. क्रिस्टल दशलक्षात ५० इतका ढळला तर १०० मेगाहर्ट्झवर ५ किलोहर्ट्झची आणि १८०० मेगाहर्ट्झवर ९० किलोहर्ट्झची चूक पडते. तेव्हा पातळीच्या रीडिंगला उन्हाचे कारण देऊ नका; वारंवारतेच्या रीडिंगला देता येईल, तेही मोजून.

हे ढळणे पाहायचे असेल तर आरटीएल-एसडीआर नावाचा छोटा डोंगल विभागाला घ्यायला सांगा. एका स्पेक्ट्रम अॅनालायझरच्या तुलनेत त्याची किंमत नगण्य असते, आणि जीएनयू रेडिओ हे त्यावर चालणारे सॉफ्टवेअर मोफत आहे. एफएम पट्ट्यातले एखादे केंद्र लावा आणि डीमॉड्युलेट केलेल्या सिग्नलचा स्पेक्ट्रम उघडा : १५ किलोहर्ट्झपर्यंत आवाज, मग रिकामी जागा, आणि केंद्र स्टिरिओ असेल तर १९ किलोहर्ट्झवर काठीसारखा उभा पायलट टोन. पहिल्या दिवशी एवढे पाहिले तरी पुरे. हा डोंगल केवळ ग्रहण करतो, प्रक्षेपण नाही, आणि तेच बरे आहे. एफएमच्या किंवा मोबाइलच्या पट्ट्यात परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे, मग ते ‘फक्त प्रयोगापुरते’ असले तरी, कायद्याने गुन्हा आहे. प्रक्षेपणाचे प्रयोग २.४ गिगाहर्ट्झसारख्या परवानामुक्त पट्ट्यातच, ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत करा.

किट कमी आणि मुले जास्त ही अडचण खरी आहे आणि ती तुमच्या एकट्याच्या चिकाटीने सुटणार नाही. मॅडमकडे किंवा सरांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, प्रस्ताव घेऊन जा : बॅच दोन गटांत विभागून एका आठवड्यात अर्ध्यांनी किटवर आणि अर्ध्यांनी सिम्युलेशनवर काम करावे, पुढच्या आठवड्यात अदलाबदल करावी, आणि जर्नलच्या प्रत्येक प्रयोगाला कच्च्या रीडिंगचे एक पान तारखेसह, खाडाखोडीसह जोडण्याची परवानगी द्यावी. बहुतेक शिक्षकांना जुळवलेली रीडिंग ओळखू येतात आणि ती तपासण्याचा त्यांनाही कंटाळा आलेला असतो. सबमिशनच्या घाईत त्यांच्याकडूनही ते सोडून दिले जाते. लॅब असिस्टंटना विश्वासात घेतलेत तर तास संपल्यावर अर्धा-पाऊण तास किट मिळणे अवघड नसते. वर्गातल्या ज्यांना उतरवायचेच आहे त्यांच्याशी भांडत बसू नका, मात्र तुमचे कच्चे पान त्यांना उतरवायला देऊ नका.

घरच्यांची काळजी मी समजू शकतो. पुण्याच्या मुलाखतींना अॅप्टिट्यूडची तयारी लागते आणि ती कराच. परंतु टेलिकॉमच्या किंवा एम्बेडेडच्या जागेसाठी समोर बसलेला माणूस ‘तुम्ही स्वतः काय मोजले आहे’ हे कधी ना कधी विचारतोच. सरासरी मिलिवॉटमध्ये का काढली, घातांक १.७ का आला आणि अॅडॉप्टरचा दोष कसा सापडला हे सांगता येणाऱ्या उमेदवाराला तिथे वेगळी तयारी करावी लागत नाही. आईवडिलांना हे याच शब्दांत सांगा.

राहिले ते सबमिट झालेले चार प्रयोग. चारही पुन्हा करू नका. सत्र संपत आले असेल तर तेवढा वेळ मिळणार नाही आणि निम्म्यात सोडलेले काम कुणाच्याच उपयोगाचे नसते. त्यांतले दोन निवडा : पाथ लॉसचा (अंतरानुसार सिग्नल क्षीण होण्याचा, वर सांगितलेला) आणि बिट एरर रेटचा. पहिला कॉरिडॉरमध्ये, एखाद्या रविवारी सकाळी रहदारी नसताना करा आणि शक्य झाल्यास तोच पुन्हा कॉलेज भरलेले असताना करा. दुसरा घरी, लॅपटॉपवर. दोन्हींची पाने जुन्या प्रयोगांच्या मागे जोडा आणि मॅडमना भेटून स्पष्ट सांगा की आधीची रीडिंग बॅचची होती, ही माझी आहेत. गुण वाढवून मागू नका. ओरलच्या दिवशी ती पाने वर ठेवा.